निरोप्याची शेपटी

अशोकवनाची नासधूस करणाऱ्या हनुमंताला बांधून दरबारात आणतात आणि रावण त्याला ठार मारायचा हुकूम सोडतो, तेव्हा बिभीषण आडवा येतो. वाल्मीकींच्या सुंदरकांडातला त्याचा युक्तिवाद मुरलेल्या वकिलाचा आहे. दूत बोलतो ते दुसऱ्याचे, त्याचा वध करायचा नसतो. पण बिभीषण एवढ्यावर थांबत नाही. चाबकाचे फटके, मुंडन, अंगाला एखादी विद्रूप करणारी खूण, असल्या शिक्षा दूताला देता येतात, हेही तो यादीसकट सांगतो. त्यातूनच शेपटी पेटवायचे ठरते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही पहिल्या अधिकरणात दूताला अभय आहे. शस्त्रे उगारली गेली तरी सोपवलेला निरोप त्याने जसाच्या तसा सांगावा, आणि ऐकणाऱ्याने राग त्याच्यावर काढू नये.

हनुमंताने मात्र रामाकडून डिलिव्हरी चार्ज घेतलेला नव्हता. आज निरोप पोचवणे हा धंदा आहे. बुकेबरोबर चिठ्ठी जाते, केकवर दोन शब्द जातात, चौकात फ्लेक्स लागतो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, मोबाइलवरून एक रुपया पाठवतानाही त्याखाली काही लिहिता येते. मजकूर गिऱ्हाइकाचा, कागद, शाई आणि गाडी दुकानदाराची. समजा, पुण्यातल्या एका फुलवाल्याकडे ऑनलाइन ऑर्डर येते. अमुक ऑफिसात, अमुक बाईंना पिवळ्या गुलाबांचा बुके, आणि सोबतच्या कार्डावर त्या बाईंच्या चारित्र्याबद्दल दोन ओळी. दुकानातला एक मुलगा त्या ओळी छापतो, दुसरा तो बुके नेऊन रिसेप्शनवर ठेवतो. बाई खाली येईपर्यंत तिघांनी कार्ड वाचलेले असते. पाठवणाऱ्याने नाव खोटे दिले आहे. मग धरायचे कोणाला?

पाठवणारा दोषी आहे यात वाद नाही. प्रश्न दुकानदाराचा आहे. गेली सव्वाशे-दीडशे वर्षे इंग्लंड, अमेरिका आणि आपल्याकडची न्यायालये हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत सोडवत आली आहेत आणि त्यांची उत्तरे पहिल्या वाचनात विसंगत वाटतात. पोस्टमन सुटतो. तारकंपनी कधी अडकते, कधी सुटते. छापखानेवाला अडकतो. पुस्तकविक्रेता एका कायद्याखाली सुटतो आणि दुसऱ्याखाली सापडतो. मला या सगळ्यात एक धागा दिसतो. ज्याला 'नाही' म्हणायची मुभाच नव्हती, त्याला कायदा सहसा सोडून देतो. ज्याला 'नाही' म्हणता आले असते, त्याला तो विचारतो, मग का म्हणाला नाहीस?

या वादातली सर्वांत गमतीची तार अमेरिकेतली आहे. मिनेसोटा राज्यातल्या न्यू उल्म या गावाहून १८९०च्या दशकात सेंट पॉल शहरी एका राजकारण्याच्या नावे ती गेली. मजकूर एवढाच होता: 'स्लिपरी सॅम, युवर नेम इज पँट्स.' खाली सही, 'मेनी रिपब्लिकन्स'. विजारीवरून केलेली ही टवाळी आज कोणाला फारशी कळणार नाही, पण 'निसरडा' हे विशेषण कुठल्याही पुढाऱ्याला आजही झोंबेल. सॅमने थेट वेस्टर्न युनियन या तारकंपनीवर दावा ठोकला.

बदनामी व्हायला तिसरा माणूस लागतो. मी तुम्हाला चार भिंतींच्या आत, फक्त तुमच्याच तोंडावर चोर म्हणालो, तर तो अपमान झाला. तुमचा लौकिक जिथल्या तिथे राहिला. मग सॅमची तार तिसऱ्या कोणी वाचली? वाचली होती, दोघांनी. न्यू उल्मच्या तारबाबूने ती कळीवर ठोकली आणि सेंट पॉलच्या तारबाबूने उतरवून घेतली. तारेचे हेच वैशिष्ट्य होते की ती वाचल्याशिवाय पुढे जाऊच शकत नसे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६मध्ये सांगितले की मजकूर पाहताक्षणी बदनामीचा वाटण्यासारखा असेल, तर कंपनीला हात झटकता येणार नाहीत. खटला त्यानंतरही त्या न्यायालयाच्या पायऱ्या पुन्हा चढला. 'पँट' या शब्दावर इतकी न्यायालयीन शाई दुसरीकडे कुठे खर्च झाली असेल असे वाटत नाही.

पण हा निकाल तारकंपन्यांना पेलणारा नव्हता आणि पुढच्या न्यायाधीशांच्या ते लक्षात आले. १९४०मध्ये बॉस्टनच्या संघीय अपील न्यायालयात न्यायमूर्ती कॅल्व्हर्ट मॅग्रूडर यांनी उलटी बाजू मांडली. तारकंपनी सार्वजनिक सेवा देते; पैसे मोजणाऱ्याची तार तिने घेतली पाहिजे आणि ती चटकन गेली पाहिजे. प्रत्येक मजकूर कायद्याच्या चाळणीतून घालायचे ओझे तारबाबूवर टाकले, तर तो शंका आली की नकारच देईल, आणि त्यात खऱ्या कामाच्या ताराही अडकतील. म्हणून कंपनीला भरघोस संरक्षण हवे. समाजमाध्यमांच्या बाजूने आज जो युक्तिवाद केला जातो, तो त्या वेळीच जवळजवळ पुरा लिहून झाला होता.

आपल्याकडे हा प्रश्न इतका रंगला नाही, कारण तार आणि टपाल दोन्ही सरकारची. १८९८च्या टपाल कायद्याने सरकारला सेवेतल्या चुकांच्या जबाबदारीतून जवळपास मोकळे केले होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२३च्या कायद्यानेही तो बचाव सोडलेला नाही. जुन्या कायद्याचे विसावे कलम मात्र वाचण्यासारखे आहे. ज्या वस्तूवर किंवा तिच्या वेष्टनावर अश्लील, शिवराळ, धमकीचे किंवा अत्यंत अपमानकारक शब्द, खुणा वा चित्रे असतील, ती टपालाने पाठवायला त्यात बंदी होती. या तरतुदीत कायद्याची नजर बाहेरून दिसणाऱ्या मजकुरावर होती. बंद पाकिटाच्या पोटात काय आहे हे पोस्टमनला कळत नाही आणि कळायलाही नको. पोस्टकार्ड मात्र उघड्या अंगाने फिरते, त्यामुळे ते वाटेत कोणीतरी वाचले असणार असे इंग्लिश न्यायालये गृहीत धरत आली. इंग्लंडमध्ये १९१५च्या ह्यूथ खटल्यात पाकीट न चिकटवता पाठवले होते आणि घरच्या बटलरने कुतूहलापोटी आतले वाचले. न्यायालय म्हणाले, नोकराच्या चोंबडेपणाचा दोष पाठवणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

भारतातली तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. त्या सेवेत शुभेच्छांच्या तारा असत, त्यांची रचना या संदर्भात फार हुशारीची होती. ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. लग्न, दिवाळी, परीक्षेतले यश यांपैकी हवे त्या वाक्याचा आकडा तुम्ही सांगायचा आणि पलीकडे तेवढे वाक्य छापून मिळायचे. शब्द तारखात्याचे, निवड गिऱ्हाइकाची. अशा तारेतून कोणाला शिवी देणे जवळपास अशक्य. आजही काही दुकाने कार्डासाठी तयार वाक्यांची यादी पुढे ठेवतात, ती निव्वळ कल्पनाशक्तीच्या अभावी ठेवतात असे समजू नये.

सॅमच्या तारेच्या सुमारे दहा वर्षे आधी लंडनमध्ये एमेन्स विरुद्ध पॉटल हा खटला झाला होता. वर्तमानपत्रे विकणाऱ्यांनी 'मनी' नावाच्या पत्राचे अंक विकले आणि त्यात एकाची बदनामी निघाली. १८८५मध्ये न्यायालयाने विक्रेत्यांना सोडले. अंकात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, ठाऊक असायचे काही कारण नव्हते आणि हे अज्ञान त्यांच्या हलगर्जीपणातूनही आलेले नव्हते. निर्दोष वितरकाचा बचाव म्हणून तो आजही ओळखला जातो.

त्या बचावाची मर्यादा १९००मध्ये कळली. मुडीज सिलेक्ट लायब्ररी ही लंडनची बडी फिरती वाचनसंस्था होती. आफ्रिकेतल्या एमिन पाशाविषयीच्या एका पुस्तकात व्हिझेटेली नावाच्या गृहस्थाबद्दल बदनामीचा मजकूर होता. चूक ध्यानात आल्यावर प्रकाशकाने पुस्तकव्यवसायाच्या नियतकालिकांत, चांगल्या ठळक ठिकाणी, प्रती परत पाठवा अशी सूचना छापली. मुडीजमध्ये ती कोणी पाहिली नाही आणि पुस्तक वाचकांच्या घरी जात राहिले. खटल्यात संस्थेने सांगितले की आमच्याकडे एवढी पुस्तके येतात, वाचून पाहायला माणूस ठेवणे परवडत नाही. ज्यूरींना ते पटले नाही आणि अपील न्यायालयानेही त्यांचाच निर्णय कायम ठेवला. मला यात मुडीजची फारशी दया येत नाही. 'कळले नाही' हा बचाव होतो, पण कळण्याची दारे आपणच लावून बसलो असू, तर तो टिकत नाही. 'आमची कस्टमर केअर आठवड्याने उत्तर देते' असे ऐकले की मला मुडीज आठवते.

बदनामीतली ही सवलत अश्लीलतेच्या कायद्यात मिळेलच असे नाही, हे मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला महागात शिकावे लागले. 'हॅपी बुक स्टॉल' या दुकानातून डिसेंबर १९५९मध्ये 'लेडी चॅटर्लीज लव्हर'ची एक प्रत विकली गेली. घेणारा बनावट गिऱ्हाईक होता. प्रकरण रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले. दुकानात शेकडो पुस्तके असतात, प्रत्येकात काय आहे हे विक्रेत्याला कसे कळणार, असा बचाव होता. १९६४च्या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी म्हटले की तेव्हाच्या दंडविधानाच्या २९२व्या कलमात 'अश्लील आहे हे माहीत असून' असे शब्दच नाहीत. विक्रेत्याला ती जाणीव होती हे सरकारपक्षाने सिद्ध करायची गरज नाही. शिक्षा दंडाची होती, पण तत्त्व कडक होते. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून बीभत्स चित्राचा मग किंवा टी-शर्ट छापून घरपोच देणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे.

आता छापणाऱ्यांकडे येऊ, कारण महाराष्ट्रात या विषयाचे खरे मैदान फ्लेक्सचे आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांच्या रांगेत अधूनमधून विरोधकाला टोमणा असतो, कधी सरळ आरोप असतो, कधी हयात माणसाच्या फोटोला हार घालून श्रद्धांजलीही असते. डिझाइन करणारा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर चिकटवतो, प्रूफ पाठवतो, 'ओके' आले की मशीन सुरू. बोलायला जावे तर उत्तर तयार असते: मजकूर पार्टीचा, आपला काय संबंध? संबंध आहे. बदनामीचा मजकूर छापणे किंवा कोरणे हा भारतात स्वतंत्र गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात तो ५०१व्या कलमात होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आला. मजकूर बदनामीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला सबळ कारण असताना जो छापतो, त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही. मूळ बदनामी करणाऱ्यालाही कैदेची कमाल मुदत दोनच वर्षांची आहे. शाई लावणाऱ्याला कायद्याने सूट दिलेली नाही. फक्त त्याच्या डोक्यात काय होते हे आधी तपासायला सांगितले आहे.

निवडणुकीत तर छापणाऱ्याला आणखी आवळले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार प्रचाराच्या पत्रकावर किंवा पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावे-पत्ते हवेत. छापण्याआधी मुद्रकाने प्रकाशकाकडून त्याच्या ओळखीबद्दलचे सही केलेले प्रतिज्ञापन दोन प्रतींत घ्यायचे, त्यावर प्रकाशकाला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी घ्यायच्या, आणि ते पत्रकाच्या एका प्रतीसह निवडणूक यंत्रणेकडे पाठवायचे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हाताने नक्कल केलेल्या कागदाला मात्र हे कलम छपाई मानत नाही. गिऱ्हाईक कोण आहे हे ओळखून ठेव, एवढेच इथे मुद्रकाला सांगितले आहे. फुलवाल्याला असे सांगणारा कायदा नाही, पण शहाणपण तेच.

दुकानदाराचा आवडता बचाव मात्र यापेक्षा सोपा असतो: ऑर्डर फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ. 'मजकुराची संपूर्ण जबाबदारी ग्राहकाची. काही दावा उद्भवल्यास ग्राहक भरपाई करून देईल.' ही ओळ लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी १८७२चा भारतीय करार कायदा उघडला असेल? त्याचे २२४वे कलम म्हणते की गुन्हा ठरणारे काम कोणी दुसऱ्याच्या सांगण्यावरून केले, तर भरपाईचे वचन दिलेले असले तरी सांगणारा त्याला बांधील राहत नाही. कलमाखाली दिलेले एक उदाहरण तर नेमके आपल्या विषयाचे आहे. वृत्तपत्राचा मालक एकाच्या विनंतीवरून तिसऱ्याची बदनामी छापतो, विनंती करणारा सगळे नुकसान भरून द्यायचे कबूल करतो, मालकावर दावा होतो, त्याला पैसे भरावे लागतात आणि वर खर्चही येतो. विनंती करणाऱ्यावर त्या वचनापोटी एक पैसाही देण्याचे बंधन नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या मसुदाकारांनी फ्लेक्सवाल्याचा आणि फुलवाल्याचा कागद आधीच फाडून ठेवला आहे. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींखाली 'वाचकांनी खातरजमा करून घ्यावी' असे छापतात, त्याचीही कथा वेगळी नाही. ती सूचना वाचकाला सावध करते. ज्याची बदनामी झाली त्याचा हक्क तिने कमी होत नाही.

तर त्या पिवळ्या गुलाबांच्या कार्डाचे काय? मुलाने मजकूर वाचून छापला असेल, तर 'मानायला सबळ कारण' होते असे म्हणता येईल, कारण अनोळखी बाईच्या चारित्र्यावरच्या ओळी कळायला वकिली लागत नाही. नोकराने नोकरीच्या कामात केलेल्या कृत्याबद्दल दिवाणी भरपाई मालकाकडेही मागता येते. कार्ड मात्र कोणी न वाचता यंत्रातून थेट छापून पाकिटात बंद होत असेल, तर दुकान बरेचसे पोस्टमनसारखे होते. आणि हेच कार्ड बंद पाकिटातून फक्त त्या बाईंच्या हाती पडले असते, तर बदनामी उभी राहायलाच अडचण झाली असती. बदनामीची फौजदारी तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे स्वतः जाऊन करावी लागते, पोलीस ठाण्यात एफआयआर होऊन गाडी निघत नाही, हेही सांगायला हवे. पुष्कळ प्रकरणे तिथेच विरून जातात.

फक्त समोरच्याला छळण्यासाठी पाठवलेल्या निरोपाला दुसरी कलमे लागतात: धमकी, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान, पाठलाग. ती पाठवणाऱ्यावर चालतात. मधल्या व्यावसायिकाला त्यात ओढायचे तर चिथावणी किंवा साहाय्य सिद्ध करावे लागते, आणि साहाय्य हेतुपूर्वक केलेले लागते. एकदा नकळत बुके नेऊन दिल्याने कोणी पाठलागाचा साथीदार ठरत नाही. पण त्या बाईंनी दुकानात फोन करून 'पुन्हा काही आणू नका' असे सांगितल्यावर चौथा आणि पाचवा बुके गेला, तर न्यायाधीशाचा चेहरा नक्की बदलेल.

ऑस्ट्रेलियातल्या बँकांना हा अनुभव अगदी अनपेक्षित वाटेने आला. २०२०मध्ये कॉमनवेल्थ बँकेने खात्यांवरच्या व्यवहारांतले शेरे तपासले. तीन महिन्यांत ८,०००हून अधिक खातेदारांना अगदी किरकोळ रकमा, बऱ्याचदा एका डॉलरहूनही कमी, पुन्हा पुन्हा आल्या होत्या आणि सोबतच्या शेऱ्यात शिवीगाळ किंवा धमकी वाटावी असा मजकूर होता. ज्या स्त्रीने छळणाऱ्या माणसाचा फोन, ईमेल, सगळे ब्लॉक केले होते, तिच्यापर्यंत पोचायला त्याला बँकेची वाट उरली होती, कारण पगाराचे खाते सहजासहजी ब्लॉक करता येत नाही. तिथल्या बँकांनी मग ग्राहकांच्या अटी बदलल्या, असा मजकूर पाठवणाऱ्याची सेवा रोखण्याचा हक्क घेतला आणि शेऱ्यांवर चाळणी बसवली. आपल्या यूपीआयमध्येही रकमेसोबत दोन शब्द लिहायची सोय आहे. बँकेला वाटत असते की आपण पैसे वाहतो. तिच्या खाली निरोपांचा धंदाही चालू असतो.

विजेच्या तारांवरून जाणाऱ्या शिवीगाळीचा कायदा मुळात मधल्या माणसालाच वाचवायला आला होता, असे मानायला जागा आहे. ब्रिटनच्या १९३५च्या पोस्ट ऑफिस दुरुस्ती कायद्याने टेलिफोनवरून अत्यंत अपमानकारक, अश्लील वा धमकीचा निरोप पाठवणे गुन्हा ठरवले. त्या काळी फोन जोडणाऱ्या ऑपरेटर मुलींच्या कानांवर ते सगळे पडत असे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातले बदनाम ६६-अ कलम त्याच शब्दांचे वंशज, असे सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवले आहे. २०१२मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या साध्या शब्दांसाठी त्याखाली अटक झाली आणि २४ मार्च २०१५ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द झाले. त्याच निकालाचा दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. कायद्याच्या ७९व्या कलमाने मध्यस्थ कंपनीला संरक्षण दिले आहे. मात्र त्यासाठी संदेश तिने स्वतः सुरू केलेला नसावा, कोणाला जायचा हे तिने ठरवलेले नसावे आणि त्यात तिने फेरफार केलेला नसावा. मजकूर बेकायदा असल्याचे 'कळल्यावर' तो हटवला नाही, तरी हे संरक्षण जाते. पण कळले म्हणजे कोणीही तक्रार केली असे नव्हे. न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना हवी, असे न्यायालयाने ठरवले.

हे संरक्षण आधी इतके रुंद नव्हते. बाझी डॉट कॉम या विक्रीच्या संकेतस्थळावर २००४मध्ये कोणीतरी एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि डिसेंबरमध्ये कंपनीच्या प्रमुखालाच अटक झाली. कंपनीला आरोपी न करता तिच्या प्रमुखावर खटला चालवता येत नाही, या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये त्यांची सुटका केली. मधल्या काळात २००८च्या दुरुस्तीने कायदाच बदलला होता.

मला वाटते इथे कायदा जरा जास्तच उदार झाला. न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याची चैन संकेतस्थळाला परवडते, सतावलेल्या माणसाला नाही. १९३७च्या बर्न विरुद्ध डीन या इंग्लिश खटल्यात एका गोल्फ क्लबच्या भिंतीवर कोणीतरी एका सभासदाची खिल्ली उडवणारे कवन लावले होते. क्लबमधली बेकायदा जुगाराची यंत्रे पोलिसांना त्यानेच दाखवली, असा त्याचा रोख होता. आपल्या भिंतीवरचा कागद सहज काढता येत असून क्लबने राहू दिला, म्हणजे त्याच्या प्रसिद्धीत क्लबही सामील, असे न्यायालयाने मानले. फिर्यादी मात्र हरला, कारण पोलिसांना खबर देणारा असे म्हणण्याने भल्या माणसाची बदनामी होत नाही. गूगल विरुद्ध विशाखा इंडस्ट्रीज या २०१९च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या जुन्या भिंतीची आठवण काढली. उलट, मार्च २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सदस्याच्या घाणेरड्या मजकुरासाठी जबाबदार धरायला नकार दिला. अ‍ॅडमिनच्या हाती माणूस घेणे आणि काढणे एवढेच असते. मजकूर त्याच्याकडून तपासून जात नाही.

नकाराच्या हक्काचा सर्वांत स्वच्छ निकाल बेलफास्टच्या केकचा आहे. २०१४मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅशर्स बेकरीत ३६ पौंड ५० पेन्सचा केक सांगितला, त्यावर समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे वाक्य हवे होते. दुकानाने ऑर्डर घेतली, नंतर फोन करून नाकारली आणि पैसे परत केले. २०१८मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दुकानाच्या बाजूने निकाल दिला, कारण दुकानाने माणसाला नाकारले नव्हते, वाक्याला नाकारले होते. मालकांचे मत मला पटत नाही, निकाल पटतो. आपल्याकडे राज्यघटनेचे १५(२) कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून दुकानात प्रवेश नाकारायला मनाई करते. पण 'हा मजकूर मी छापणार नाही' असे म्हणणाऱ्याच्या आड ते येत नाही. म्हणूनच 'गिऱ्हाईक देव, मी काय करणार' हे दुकानदाराचे रडगाणे न्यायालयात फारसे ऐकले जाऊ नये. पोस्टमनला निवड नव्हती, याला होती. मोठी संकेतस्थळे तर दोन्ही बाजूंनी बोलतात: नको तो मजकूर हटवायचा हक्क संपादकासारखा हवा आणि राहिलेल्या मजकुराबाबत माफी पोस्टमनसारखी.

२०१५मध्ये एका ऑस्ट्रेलियन तरुणाने, शत्रूला चिकट चमकी भरलेले पाकीट निनावी पाठवून देतो, ९ डॉलर ९९ सेंट, असे संकेतस्थळ काढले. ऑर्डरींचा पाऊस पडला आणि त्याने ते ८५,००० डॉलरला विकून टाकले. इथे त्रास देणे हाच माल होता, अज्ञानाचा बचाव दुकानाच्या पाटीवरच संपत होता. चमकीने फार तर गालिचा खराब होतो. पण निनावी राहण्याचे जे वचन असे धंदे गिऱ्हाइकाला देतात, ते भारतात पाळता येणारे नाही. वकील आणि अशिलामधल्या गुप्ततेला कायद्याचे कवच आहे, फुलवाला आणि त्याच्या गिऱ्हाइकामधल्या गुप्ततेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४व्या कलमाखाली न्यायालयाने किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने लेखी मागितले की ऑर्डरची नोंद, पैसे आलेल्या खात्याचा तपशील, कॅमेऱ्याचे चित्रण द्यावे लागते. तक्रार आल्यावर घाबरून किंवा गिऱ्हाईक ओळखीचे म्हणून कोणी ते पुसून टाकले आणि त्यामागे गुन्हेगाराला वाचवायचा हेतू दिसला, तर न्याय संहितेचे २३८वे कलम, पुरावा नाहीसा करण्याचे, आता त्याच्यावर लागते.